जमिनीचा वारसा आणि कोष्टकांची वही

गोंदियाजवळच्या कुडवा गांवचें एखादें धानाचें शेत घ्या. सात-बारा उताऱ्यांतील नमुना सात त्याचा हक्क सांगतो, नमुना बारा त्यांतील पीक. दोहोंना जोडणारा धागा म्हणजे भूमापन क्रमांक. एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडलेली कोष्टकांची पद्धति याच जातीची आहे. तींत संबंध जुळतो तो ओळखखुणेनें.

संगणकाची आज्ञावली लिहिणारा मात्र वंशवृक्ष कल्पितो. 'जमीन' हें मूळ. भोगवटादार वर्ग एक व वर्ग दोन या तिच्या शाखा. क्रमांक, क्षेत्र, आकारणी हीं दोघींना वारशानें मिळतात. हस्तांतरावरील निर्बंध मात्र वर्ग दोनचाच. कोष्टकाला तर वारसा ठाऊकच नाहीं!

मग वाटा तीन. सर्वांचें एकच कोष्टक केलें तर शोध सोपा. परंतु वर्ग एकच्या ओळींत निर्बंधाचा रकाना रिकामाच राहणार, आणि वेगळी अट न घातल्यास वर्ग दोनच्या ओळींतही तो चुकून रिकामा राहील. शाखांचीं दोन स्वतंत्र कोष्टकें केलीं, तर पिकाच्या ओळीनें कोणत्या वहीकडे बोट दाखवावें? तिसरी वाट अशी, कीं समान तें मूळ कोष्टकांत, विशेष तें शाखेच्या कोष्टकांत आणि दोन्हींवर खूण एकच. येथें जोडणीचे श्रम पडतात. पण पिकाला एकच ठिकाण मिळतें व निर्बंधाचा रकाना सक्तीचा ठेवतां येतो.

रिकामा रकाना पाहून कोणी जमीन विकत घेतली, तर फसतो तो माणूस, यंत्र नव्हे. म्हणून वही आंखण्यापूर्वीं विचारावें: कोणता रकाना चुकलेला परवडणार नाहीं?