फाइल रद्दीत टाकू नका



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. आज बोलतोय ते खालेच्या मुलीमुळे. ती परदेशात पीएच.डी. करते. लहानपणी कॅन्सरमधून बरे झालेल्यांचं पुढे काय होतं, हा तिचा विषय. मागच्या महिन्यात तिने तिथल्या परिषदेत आपलं काम मांडलं. मी घरून ऑनलाइन बघत होतो.

सुरुवात तिने अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासापासून केली. तो १९९४ साली सुरू झाला. आता मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातून चालतो. बरे झालेल्या हजारो जणांची माहिती त्यात वर्षानुवर्षे घेतात, तुलनेसाठी काहींच्या भावंडांचीही. २००६ साली त्यातून एक निष्कर्ष आला: निदानानंतर ३० वर्षांत सुमारे ७३ टक्के जणांना एखादा दीर्घकाळचा आजार जडतो. बऱ्याचदा कारण उपचारांतच असतं. डॉक्सोरुबिसिन हे औषध कॅन्सर मारतं, पण हृदयाचे स्नायूही कमकुवत करू शकतं. कधी ते अनेक वर्षांनी कळतं. एकूण डोस जितका जास्त, तितका धोका जास्त.

शेवटी ती म्हणाली, "मीही यांच्यातलीच. सातव्या वर्षी मला रक्ताचा कॅन्सर झाला. माझा डोस किती होता, मला माहीत नाही."

मला का ते माहीत होतं. ती बरी झाल्यावर खाला म्हणाली होती, "ही फाइल घरात नको. उद्या पोरीचं लग्न जमवायचंय." कुणीच विरोध केला नाही. मी अकरावीत होतो. रद्दीवाल्याकडे ती पिशवी मीच नेऊन दिली.

आज ऑफिसात एक लॉग पुसला गेला तरी आम्ही हैराण होतो. तिथे तर एका माणसाच्या हृदयाचा हिशेब होता.

खालेला दोष देत नाही. भीती आपल्या सगळ्यांची होती. पण आजार लपवला की पुढची तपासणीही लपते. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१पासून वेगळं क्लिनिक आहे. म्हणजे ही गरज आपल्याकडेही कधीच ओळखली गेली आहे.

तुमच्या घरात, मोहल्ल्यात असं कुणी असेल तर त्यांच्या डॉक्टरांकडून उपचारांचा सारांश लिहून घ्या: कोणतं औषध, एकूण किती डोस, रेडिएशन कुठे दिलं. मोबाइलमध्ये फोटो ठेवा. हृदयाची इको तपासणी कधी करायची, ते विचारा.

बहिणीने जुन्या रुग्णालयाला पत्र लिहिलंय. उत्तर अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत ती पिशवी माझ्या हातातच आहे, असं वाटत राहतं.