विम्याच्या बाजारातला वाटाड्या

मराठीत 'वाटाड्या' असा एक जुना शब्द आहे. घाटात किंवा रानात अनोळखी प्रवाशाबरोबर चार कोस चालून त्याला मार्गाला लावून देणारा तो वाटाड्या. हा शब्द आज मनात यायचे कारण मात्र दूरचे आहे. अमेरिकेच्या आरोग्यविमा कायद्यात 'नॅव्हिगेटर' नावाच्या माणसाची तरतूद आहे. विम्याच्या बाजारात गोंधळलेल्या माणसाबरोबर बसायचे, त्याला समजेल अशा भाषेत सांगायचे आणि त्याचा अर्ज पुरा करून द्यायचा, हे त्याचे काम. त्याने गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि विमा कंपनीकडूनही घ्यायचे नाहीत. म्हणजे हा आपला वाटाड्याच. इंटरनेट जिथे घरोघरी पोचले आहे, अशा देशाला वाटाड्याची गरज का भासली, याविषयी आज थोडे बोलणार आहे.

अमेरिकेत बहुतेकांना आरोग्यविमा नोकरीतून मिळतो. पासष्टीच्या पुढच्यांसाठी 'मेडिकेअर' ही सरकारी योजना आहे आणि गरिबांसाठी 'मेडिकेड'. मधला माणूस मात्र उघड्यावर होता. टॅक्सी चालवणारा, हॉटेलात भांडी घासणारा, चार महिने काम आणि दोन महिने घरी असा माणूस. विमा नसलेल्यांची संख्या २०१० च्या सुमारास साडेचार कोटींच्या वर होती. शिवाय एखाद्याला आधीपासून आजार असेल, तर कंपनी त्याला विमा नाकारू शकत होती.

मॅसॅच्युसेट्स या राज्याने २००६ मध्ये कायदा करून स्वतःचा विमा बाजार उभारला. तेव्हा तिथे रिपब्लिकन पक्षाचे मिट रॉम्नी गव्हर्नर होते. पुढे २३ मार्च २०१० रोजी डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी देशव्यापी कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याने आपला बाजार उभारावा. जे उभारणार नाही, त्याच्या वतीने केंद्र सरकार तो चालवील, असे ठरले. या बाजारात कंपन्यांनी आजारी माणसाला नाही म्हणायचे नाही. योजनांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी नावे दिली. ब्राँझमध्ये कंपनी सरासरी साठ टक्के खर्च उचलते, प्लॅटिनममध्ये नव्वद टक्के. अर्ज एकच. घरात माणसे किती, उत्पन्न किती, हे लिहिले की त्याची सरकारी नोंदींशी पडताळणी होते आणि ठरते, की हे कुटुंब मेडिकेडमध्ये बसते, हप्त्यात सरकारी मदतीला पात्र आहे, की त्याने पूर्ण हप्ता भरायचा.

कागदावर सगळे सुरेख होते. १ ऑक्टोबर २०१३ रोजी बाजार उघडला. केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर लाखो लोक गेले आणि पहिल्या दिवशी नोंदणी झाली फक्त सहा जणांची! एक कारण असे, की योजना नुसत्या बघायच्या म्हटले तरी आधी खाते उघडावे लागत होते. दुकानाच्या पायरीवरच 'आधी वहीत नाव-गाव लिहा, मग लुगडी दाखवतो' म्हणणारा दुकानदार आठवा. ओरेगॉन राज्याची कथा याहून वाईट. त्यांनी केंद्राच्या अनुदानातून सुमारे तीस कोटी डॉलर खर्चून स्वतःची यंत्रणा उभी केली. ती नीट चाललीच नाही. शेवटी माणसे बसवून कागदी अर्ज भरून घ्यावे लागले.

याच वेळी केंटकी हे राज्य मात्र सगळ्यांच्या नजरेत भरले. केंटकी म्हणजे घोड्यांचा आणि कोळशाच्या खाणींचा मुलूख, बराचसा डोंगराळ आणि गरीब. ओबामांना तिथे मते कमी होती. गव्हर्नर स्टीव्ह बेशियर यांनी २०१२ मध्ये आदेश काढून राज्याचा बाजार सुरू करण्याचे ठरवले. त्याला नाव दिले 'कायनेक्ट'. त्या नावात ना ओबामा, ना वॉशिंग्टन. संकेतस्थळ साधे ठेवले. खाते न उघडता योजना बघण्याची सोय केली. आणि मुख्य म्हणजे माणसे नेमली. त्यांना 'कायनेक्टर' म्हणत. ती गावोगाव गेली, जत्रेत टेबल मांडून बसली. पहिल्या नोंदणी-हंगामात चार लाखांवर लोकांना विमा किंवा मेडिकेड मिळाले. त्यांतले सुमारे तीन लाख तीस हजार मेडिकेडमध्ये होते. म्हणजे आपण पात्र झालो आहोत हे ज्यांना कुणी सांगितल्याशिवाय कळले नसते, अशीच माणसे त्यांत पुष्कळ असणार. गॅलपच्या पाहणीत केंटकीतल्या विमा नसलेल्या प्रौढांचे प्रमाण २०१३ मधल्या २०.४ टक्क्यांवरून २०१४ च्या मध्यापर्यंत ११.९ टक्क्यांवर उतरले.

हे कायनेक्टर करत काय होते? मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून मला त्यांचे काम भाषांतराचे वाटते. 'डिडक्टिबल' म्हणजे कंपनी पैसे देऊ लागण्याआधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम. 'को-पे' म्हणजे डॉक्टरकडे प्रत्येक खेपेला द्यायचा आपला वाटा. हे शब्द इंग्रजीच आहेत आणि ऐकणारेही इंग्रजीच बोलतात. तरी अर्थ पोचत नाही. स्वस्त हप्ता बघून माणूस ब्राँझ योजना घेतो आणि आजारी पडल्यावर त्याला कळते, की पहिले काही हजार डॉलर आपणच भरायचे आहेत. हे आधी सांगणारा कुणीतरी लागतो.

एवढ्याने कुणाचा जीव वाचतो का, असे कुणी विचारील. त्याला उत्तर आहे. २०१६-१७ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या कर खात्याने, विमा नसल्याबद्दल दंड भरलेल्या कुटुंबांना एक पत्र पाठवले. विमा कसा घ्यावा, एवढेच त्यात होते. अशी कुटुंबे होती पंचेचाळीस लाख, पण पैसे कमी पडल्याने पत्रे गेली एकोणचाळीस लाखांना. कुणाला वगळायचे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले. पुढे तीन अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही गट ताडून पाहिले. पत्र मिळालेल्यांत विमा घेणारे वाढले होते. आणि ४५ ते ६४ या वयाच्या, पत्र गेलेल्या दर १,६४८ माणसांमागे पुढच्या दोन वर्षांत एक मृत्यू कमी झाला होता. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्र न मिळालेल्या सहा लाख कुटुंबांचा विचार केला की टपालखर्चाची ती काटकसर केवढ्याला पडली, ते ध्यानात येते.

तरीही काटकसरीची कुऱ्हाड पहिल्यांदा वाटाड्यावरच पडते. केंद्राकडून नॅव्हिगेटरांना २०१६ मध्ये सहा कोटी तीस लाख डॉलर मिळत होते. २०१८ मध्ये ते एक कोटीवर आले. २०२१ मध्ये आठ कोटी झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रक्कम पुन्हा एक कोटीवर आणण्याचे जाहीर झाले. सरकार बदलले की वाटाड्याची मजुरी बदलते. केंटकीतही तेच घडले. नवे गव्हर्नर मॅट बेव्हिन आले आणि त्यांनी कायनेक्टचा बाजार मोडून लोकांना केंद्राच्या संकेतस्थळाकडे पाठवले. पुढे बेशियर यांचेच चिरंजीव अँडी गव्हर्नर झाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायनेक्टचा बाजार पुन्हा भरला.

आता जरा आपल्या अंगणात पाहू. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२३ मध्ये शासनाने ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि मर्यादा पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. ही योजना म्हणजे अमेरिकेसारखा बाजार नव्हे. इथे रुग्णाला हप्ता भरावा लागत नाही. पण वाटाड्या इथेही आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो. हा शब्द कुणी योजला ते मला ठाऊक नाही, पण शब्द चांगला आहे.

आणि त्याची गरजही तितकीच आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांची नावे बघा. रेशनकार्डावर 'फातिमाबी', आधारवर 'फातिमा शेख', मतदार यादीत 'फातमा'. बाई एकच, आजार एक आणि नावे तीन. मोहल्लाच कशाला, वाडीवस्तीवर 'सखू', 'सखुबाई' आणि 'सखाबाई' यांचेही हेच होते. यंत्राला या तीन बाया वाटतात. ही बाई एकच आहे हे ओळखायला समोर माणूसच लागतो.

म्हणून माझे म्हणणे इतकेच, की वाटाड्याचा खर्च हा योजनेचाच खर्च आहे. डॉक्टर, औषध, खाट यांच्याबरोबर तोही पहिल्याच हिशेबात धरला पाहिजे. त्याला वेळेवर पगार मिळाला पाहिजे आणि लोकांची भाषा त्याला आली पाहिजे.

आणि श्रोतेहो, यातले थोडे आपल्याही हाती आहे. घरातल्या कुणाला रुग्णालयात न्यायची वेळ आली, तर दारातच 'आरोग्यमित्र कुठे बसतात?' असे विचारा. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाची कागदपत्रे घेऊन एखाद्या रविवारी तासभर बसा. नावे जुळतात का, पत्ता बरोबर आहे का, एवढे पाहा. चुका दुरुस्त करायच्या त्या माणूस धडधाकट असतानाच. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत ते जमत नाही.