सुट्टीतला पगार कुणाला, कुणाला नाही

वार्षिक परीक्षा संपत आल्या, आता दीड महिना पोरं घरी. आज आपण शाळेच्या सुट्टीबद्दलच बोलणार आहोत, पण पोरांच्या नाही. शाळेत काम करणाऱ्या बायकांची चूल सुट्टीत कशावर पेटते, त्याबद्दल.

हा विषय आमच्या गटात आला तो आमच्याच चुकीमुळं. म्हणून आधी चूक सांगतो.

आमच्या 12 जणींच्या गटात एक मॅडम आहेत. बीए, डीएड झालेल्या, खाजगी शाळेत शिकवतात. मागच्या मे महिन्याच्या बैठकीत त्यांनी 10,000 रुपये कर्ज मागितलं. आम्ही म्हटलं, "मॅडम, तुम्ही पगारदार माणूस. मास्तरांना मे महिन्यात घरी बसून पगार मिळतो. गटाचा पैसा गरजवंताला जाऊ द्या." त्या काही बोलल्या नाहीत. कर्ज दुसरीला गेलं, बैठक संपली.

ऑगस्टमध्ये कळलं, मॅडमनी गळ्यातलं गहाण ठेवून बाहेरून पैसे घेतले होते. व्याज महिन्याला शेकडा 5. आमच्या गटात शेकडा 1. म्हणजे जिथं महिन्याला 100 रुपये व्याज लागलं असतं, तिथं त्या 500 भरत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "मे आणि जूनचा पगार आम्हाला मिळतच नाही. सगळ्यांसमोर कसं सांगायचं?" आम्हाला फार वाईट वाटलं. गट असतो कशासाठी मग?

त्यानंतर आम्ही चौकशी केली. सुट्टी एकच, मग पैसे वेगवेगळे का? उत्तर एकच मिळालं: नेमणूक कशी झाली, त्यावर सगळं आहे.

जिल्हा परिषदेच्या गुरुजी-बाईंचं पद बारमाही असतं. त्यांना 12 महिने पगार मिळतो, त्यात मे महिना आलाच. तो काही फुकटचा नाही. इतर सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला 30 दिवस अर्जित रजा मिळते, शिक्षकांना मोठी सुट्टी असते म्हणून तेवढी मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं कामाचं मापही वर्षावर ठरवलंय: पहिली ते पाचवीला 200 दिवस, सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरली पाहिजे. शिवाय प्रशिक्षण, निवडणुकीची कामं सुट्टीतही निघतात. "घरी बसून पगार" हे आमचं बोलणं तिथंही चुकलंच होतं.

दुसरे, तासिका तत्त्वावर शिकवणारे. जितके तास घेतले तितके पैसे. मे महिन्यात तास नाही, म्हणून पैसेही नाहीत.

तिसरी, शाळेत खिचडी शिजवणारी आपली ताई. तिला पगार नसतो, मानधन असतं, आणि योजनेच्या नियमातच ते वर्षाला 10 महिन्यांचं धरलंय. केंद्रानं 2009 साली महिना 1,000 रुपये ठरवले. आपल्या राज्यानं त्यात भर घातली आणि 2023 मध्ये ते 2,500 झालं. पण महिने 10 ते 10च. आमच्या गटात अशी एक ताई आहे. ती दर उन्हाळ्यात दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाते. ती का जाते, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

चौथ्या, आमच्या मॅडमसारख्या. मान्यताप्राप्त खाजगी शाळांसाठी 1977 चा कायदा आहे आणि 1981 चे नियम आहेत. शाळेला अनुदान नसलं तरी ते लागू होतात. नेमणुकीचा लेखी आदेश ठरलेल्या नमुन्यात द्यायचा, असं त्यात आहे. आमच्या मॅडमकडं पाच वर्षांत असा कागदच नव्हता. "सुट्टीचा पगार नाही" हे त्यांना तोंडी सांगितलं होतं, तेही पहिला मे महिना आल्यावर.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पगार मे महिन्याचा जातो, पण चटका जूनला बसतो. एप्रिलचा पगार मे महिन्याच्या सुरुवातीला हातात येतो. त्यानंतर थेट जुलैचा पगार, तो ऑगस्टच्या सुरुवातीला. मधे जून आणि जुलै कोरडे. आणि त्याच वेळी बी-बियाणं, खत, पोरांची वह्या-पुस्तकं, गणवेश, सगळं एकदम अंगावर येतं.

म्हणून आम्ही गटात "सुट्टीची बचत" सुरू केली. हिशोब सोपा आहे. मॅडमना 6,000 रुपये मिळतात, 10 महिन्यांचे 60,000. त्याला 12 नं भागलं की महिना 5,000. म्हणून ऑगस्ट ते मे, पगार आला की 1,000 बाजूला. 10 महिन्यांत 10,000 जमतात. जूनला 5,000, जुलैला 5,000 त्यांचे त्यांना परत. खिचडीवाल्या ताई 400 टाकतात. त्यांचे 4,000 होतील, म्हणजे दोन्ही महिन्यांत 2,000-2,000. मानधन उशिरा आलं तर त्या पुढच्या वेळी दोन हप्ते एकदम भरतात.

दोन नियम मात्र आम्ही कडक ठेवलेत. ही बचत वेगळ्या पानावर लिहायची, नेहमीच्या बचतीत मिसळायची नाही. आणि ती कुणालाही कर्जाऊ द्यायची नाही. जूनमध्ये सगळ्यांनाच पैसा लागतो, तेव्हा पेटी रिकामी निघाली तर काय उपयोग?

पण मैत्रिणींनो, हा सुट्टीचा पगार नव्हे. ही त्यांचीच कमाई, नुसती वाटून घेतलेली. शाळेनंसुद्धा 10 महिन्यांचे पैसे 12 हप्त्यांत दिले, तरी त्यात एक रुपया वाढत नाही. म्हणून नोकरी धरतानाच तीन गोष्टी विचारा. नेमणुकीचा आदेश लेखी मिळेल का? त्यात तारीख कुठून कुठपर्यंत आहे? मे महिन्याचा पगार धरलाय का? लेक, सून, नणंद, कुणीही शाळेत लागत असेल तर तिला हे सांगा. मॅडमनी या वर्षी शाळेकडं लेखी आदेश मागितलाय. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतलीय. उत्तर अजून आलेलं नाही. अर्ज द्यायला जाताना आम्ही दोघी त्यांच्यासोबत गेलो होतो.

तुमच्या गटातही अशी कुणी असेल. मे महिन्याच्या बैठकीत तिनं कर्ज मागायची वाट पाहू नका. बैठकीआधी तिच्या घरी जा, चहा घ्या आणि हळूच विचारा, "सुट्टीत पगार मिळतो का गं?" चारचौघींत तिला ते सांगवणार नाही.

येतो आता. नमस्कार.