ट्यूबच्या उजेडातला फोटो



आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही बोनस आणि महागाई यांवर बोलू अशी संयोजकांची अपेक्षा असावी. ते तर आम्ही वर्षभर कारखान्याच्या गेटवर बोलतच असतो. आज एका साध्या गोष्टीविषयी बोलायचे आहे : ट्यूबलाइटखाली काढलेल्या रंगीत फोटोत माणसे हिरवट का दिसतात? आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही आहे ते वाचनालयातून आणि चार माणसांना विचारून मिळवलेले. चुकले तर जाणकारांनी जरूर सांगावे.

आधी आपल्या कापड बाजारात जाऊ. येथे बसलेल्या भगिनींना हे शिकवायला नको. दुकानात गादीवर साडी पसंत पडते, भावही ठरतो, आणि पैसे काढण्यापूर्वी बाई म्हणते, “जरा बाहेर उजेडात बघू.” दुकानदार नाराज होतो, पण उठतो. आत जांभळा वाटलेला रंग बाहेर लालसर निघतो. आत गळ्यात गळे घालून बसलेले काठ आणि पोत उन्हात येताच एकमेकांशी फटकून वागू लागतात. या बायकांनी पदार्थविज्ञान वाचलेले नसते, पण दिव्यावर विश्वास किती ठेवावा हे त्यांना पक्के ठाऊक असते. आम्हांला ते पुष्कळ उशिरा कळले.

ट्यूबमध्ये तार तापत नाही. आत थोडा पारा असतो. वीज वाहू लागली की पाऱ्याची वाफ किरण सोडते; त्यांतले बहुतेक डोळ्यांना न दिसणारे, अतिनील. काचेच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी लावलेली असते, ती हे किरण पिऊन दिसणारा उजेड देते. परंतु पाऱ्याचा स्वतःचाही थोडा उजेड त्यात मिसळतो, आणि त्यात एक ठळक हिरवी रेघ असते, ५४६ नॅनोमीटरची. शिवाय जुन्या ट्यूबांच्या भुकटीत गडद लाल रंग फार कमी. सूर्याच्या उजेडात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग अखंड ओळीने येतात. ट्यूबचे माप मात्र रेशनच्या धान्यासारखे. वजन भरते, पोते पांढरे दिसते, पण आत काय किती आहे ते निवडायला बसल्यावर समजते.

आपल्याला हे जाणवत नाही, कारण डोळा आणि मेंदू मिळून तडजोड करतात. पांढरा सदरा कंदिलाजवळही पांढरा आणि ट्यूबखालीही पांढराच. फिल्मला अशी तडजोड येत नाही. बाजारात मिळणारी नेहमीची रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असे. ट्यूबखाली तिने पाहिले ते सरळ हिरवे लिहून ठेवले.

आता आमची गोष्ट. १९९४ साली धातूला मुलामा देण्याच्या कामावरचा एक कामगार संध्याकाळी पाळी सुटल्यावर युनियनच्या खोलीत आला. दोन्ही हातांवर, मनगटापर्यंत, लालबुंद चट्टे. आम्ही मोठ्या हुशारीने म्हटले, “थांबा, पुरावा करून ठेवू.” कॅमेरा उसना आणला, खोलीतल्या दोन ट्यूबा लावल्या आणि सहा फोटो काढले. आठ दिवसांनी प्रिंट आल्या, त्यांत हात राखाडी-हिरवे आणि चट्टे मळक्या तपकिरी डागांसारखे. वाटाघाटीच्या बैठकीत समोरच्या गृहस्थांनी फोटो उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “हा तर कामाचा मळ आहे. साबणाने जाईल.” ते खोटे बोलत होते असे आज आम्ही म्हणणार नाही. फोटोत दिसत होते तेच ते बोलले. दुसरे फोटो काढावेत तर तोवर रजा आणि मलम यांनी हात बरेच निवळले होते. शेवटी औषधाचा खर्च मिळाला. त्यापुढचे काही मिळाले नाही. त्या कामगाराने आम्हांला कधी बोल लावला नाही, आणि तेच आम्हांला जास्त लागले.

गावातल्या एका वयस्क फोटोग्राफरकडे आम्ही त्या प्रिंट घेऊन गेलो. त्यांनी हातातला ब्रशही खाली ठेवला नाही. “दिवसा दारात का नाही नेलंत त्याला?” एवढेच विचारले. मग समजावले. भिंगापुढे किरमिजी काच लावली तर ती हिरवा उजेड अडवते. प्रिंट काढतानाही रंग काहीसा सावरता येतो. परंतु जो लाल उजेड दिव्यातच नव्हता तो हातावरून परत फिरणार कुठून? आणि खिडकीचा उजेड व ट्यूब एकत्र असतील तर आणखी पंचाईत. एका अधिवेशनाच्या फोटोत आमचे निम्मे प्रतिनिधी हिरवे होते. त्यांना सुधारले तेव्हा खिडकीजवळचे निम्मे गुलाबी झाले.

ट्यूबचे आणखी एक लक्षण कामगारांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपल्या ५० सायकलच्या विजेवर साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. कॅमेऱ्याची झडप फार जलद उघडली-मिटली तर लागोपाठच्या दोन फोटोंचे रंगही जुळत नाहीत. याच लपलपीमुळे फिरता लेथ कधी थांबल्यासारखा भासतो, आणि तिथे माणूस हात घालू शकतो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १७ मध्ये उजेड पुरेसा आणि योग्य असावा असे लिहिले होते. त्यातला ‘पुरेसा’ सगळे मोजतात. ‘योग्य’ कोणी विचारत नाही.

आता फिल्म गेली आणि ट्यूबही चालल्या आहेत. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२३ साली ठरवले की या नळ्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायची. त्यांच्या जागी एलईडी आले. परंतु स्वस्त एलईडीतही गडद लाल कमीच असतो. मोबाइल स्वतःच अंदाज बांधून रंग सावरतो, आणि अंदाज म्हटला की तो चुकणारच. आमच्या सभागृहात मागची भिंत लाल बावट्यांनी भरलेली असते. मोबाइलला कधीकधी वाटते की उजेडच लाल आहे. तो लाल कमी करतो आणि अध्यक्षांचे तोंड निळसर पडते. विरोधी गटाने त्याचा वेगळा अर्थ काढला होता, ते असो.

हल्ली जखमेचे, पुरळाचे, सांडलेल्या रसायनाचे फोटो रात्री-अपरात्री आमच्या मोबाइलवर येतात. आम्ही पहिला प्रश्न विचारतो, कोणत्या दिव्याखाली काढला? मग सांगतो, दवाखान्यात आधी जा, फोटोसाठी थांबू नका. पण सकाळी दारात उभे राहून, सावलीत, शेजारी कोरा पांढरा कागद धरून पुन्हा एक काढा. कागद कोणत्या रंगाचा आला त्यावरून उजेड कसा होता ते पाहणाऱ्याला कळते. परवा एका पोराने विचारले, “भाऊ, कागदावर काय लिहू?” आम्ही म्हटले, “काही लिहू नको. तो कोराच पाहिजे.”