एक्सएमएलचे पहिले पुस्तक

एक्सएमएल शिकायला मी आणलेले पहिले पुस्तक हजारभर पानांचे होते. शंभर पाने वाचली, पण स्वतःची एक ओळ लिहिली नव्हती. विषयच अवघड, असे समजून वर्षभर नाद सोडला.

वास्तविक १९९८ साली आलेल्या एक्सएमएलचे मूळ नियम थोडके आहेत. सगळ्यांना पोटात घेणारा एकच बाहेरचा टॅग हवा. शेवटी उघडलेला टॅग आधी बंद करायचा, डब्यात डबा ठेवतो तसे. एचटीएमएलमध्ये टॅगची नावे ठरलेली; इथे ती आपण ठरवायची. हे पहिल्या प्रकरणात आहे का, ते दुकानातच उभ्याने पाहावे. मग चुकीचे उदाहरण शोधावे. टॅग बंद केला नाही तर संगणक कुठे अडतो, हे दाखवणारे पुस्तक घ्यावे. डीटीडी, स्कीमा सुरुवातीलाच आले, तर खुशाल परत ठेवावे.

आणखी एक. एक्सएमएलचा पाया युनिकोडचा, म्हणून टॅगची नावे देवनागरीतही चालतात. कॅपिटल-स्मॉलचा घोळही नाही! त्या हजार पानांत मला हे कुठे दिसले नाही. पुढे घरच्या पुस्तकांची यादी मी 'पुस्तक', 'लेखक' असे टॅग देऊन लिहिली. ती बिनचूक उघडली.