माणूस आधी, संवाद मागाहून



मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. कविता लिहितो. सिनेमाचं शास्त्र मला येत नाही. पण पडद्यावर आपल्यासारखा माणूस कसा आणतात, हे तपासायचा हक्क तिकिटाबरोबर मिळतो.

‘दीवार’ (१९७५) मधला गोदी कामगार सगळ्यांना पाठ आहे. बिल्ला नंबर ७८६. एकटा गुंडांना लोळवतो, टाळ्या पडतात. त्यानं काय बोलायचं ते मात्र लेखकाच्या टेबलावर ठरलेलं.

इंग्लंडचा माइक ली उलटा चालतो. १९७१ च्या ‘ब्लीक मोमेंट्स’पासून. हातात लिहिलेली पटकथा नसते. नटाला म्हणतो, तुझ्या ओळखीची माणसं सांग. त्यातलं एक धरायचं. त्याचं बालपण, नोकरी, चाल, सगळं महिनोन्‌महिने उभं करायचं. मग दोन पात्रांना समोरासमोर सोडायचं. अट एकच. पात्राला ठाऊक तेवढंच नटाला ठाऊक.

‘व्हेरा ड्रेक’ (२००४) घ्या. १९५० चं लंडन. लोकांच्या घरची झाडलोट करणारी बाई अडलेल्या पोरींचे चोरून गर्भपात करते, पैसा घेत नाही. घरच्यांना पत्ता नाही. घरच्यांची कामं करणाऱ्या नटांनाही नव्हता! तालमीत दार वाजलं. पोलीस. व्हेरा झालेल्या इमेल्डा स्टाँटनलासुद्धा ते येणार हे माहीत नव्हतं. कायदा आपल्या वस्तीत असाच शिरतो, आधी निरोप धाडत नाही.

पण म्हणजे सुचेल ते बोला, असं नव्हे. आपल्यातले काही कवी त्याच भ्रमात आहेत. तालमीत सापडलेलं ली कापतो, घासतो, पुन्हा बसवतो. कॅमेरा लागेपर्यंत शब्द पक्के झालेले असतात.

आता माझं भांडण. १९७७ च्या ‘अबिगेल्स पार्टी’वर ‘रचना व दिग्दर्शन’ असं होतं. पुढं ‘लेखन व दिग्दर्शन’ आलं. ‘व्हेरा ड्रेक’च्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं, ते एकट्या लीच्या नावावर. निवड त्याची, मांडणी त्याची, मान्य. पण बोट टोळीनं खाली करायची आणि वहीत सही मुकादमाची, हे आपण रोज बघतो की! आणि नटीनं जिची चाल उचलली ती ओळखीची बाई? तिला कोण विचारतो?

आपण गोदीवर नाटक बसवायचं म्हणतोय. मी लिहून आणणार नाही. टोळीतली माणसं तालमीला बोलवा, पाळी संपल्यावर. आणि हँडबिलावर त्या सगळ्यांची नावं लेखक म्हणून छापा. छपाईचा खर्च वाढेल, वर्गणी काढू.