दार उघडलं नाही, हीच बातमी

दाराच्या चौकटीवर बसवायचा काडेपेटीएवढा सेन्सर हल्ली कुणीही घरी मागवू शकतो. चोर आला की भोंगा वाजवणारा, एवढीच त्याची ओळख. माझ्या मते चोर पकडणं हे त्याचं सगळ्यात किरकोळ काम आहे. निदान आमच्या पामसारख्या गावात, जिथं दिवसा पुढचं दार उघडंच असतं.

तो चालतो कसा ते आधी सांगतो. त्याचे दोन भाग. दारावर बसतो तो लोहचुंबक. चौकटीवरच्या भागात एक बारीक काचेची नळी आणि तिच्यात धातूच्या दोन पातळ पट्ट्या. चुंबक जवळ असला की पट्ट्या एकमेकींना टेकतात, दूर गेला की सुटतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी १९३६ साली ही युक्ती काढली. पुढे ती टेलिफोन केंद्रांत वापरली गेली. गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी सांगणाऱ्या कित्येक तरंगत्या गोळ्यांतही हीच जोडी काम करते.

म्हणजे या डबीला दोनच गोष्टी कळतात : उघडं आणि मिटलेलं. पण तिला घड्याळाची जोड द्या, मग बघा. खिडकी पाच मिनिटं उघडी राहिली तर एसी आपोआप बंद. फ्रिजचं दार नीट लागलं नाही तर फोनवर निरोप. फाटकावरच्या टपालपेटीचं झाकण हललं की पत्र आलं. आणि औषधांचा खण रात्री नऊपर्यंत उघडलाच नाही, तर आठवण. मला स्वतःला हा शेवटचा उपयोग सर्वांत मोलाचा वाटतो. कारण इथं दार उघडल्याची नव्हे, न उघडल्याची बातमी मिळते.

माझी आई पामला एकटी राहते, मी बोरिवलीला. २०१३पासून लोकल डहाणूपर्यंत जाते हे खरं, पण बोईसर गाठायला दीड तास आणि पुढे रिक्षा. म्हणून मी सुचवलं, मागच्या दाराला सेन्सर लावू. तू रोज सहाला ते उघडतेस. सातपर्यंत उघडलं नाही तर मला कळेल. आई म्हणाली, "म्हणजे मी कधी उठले ते साऱ्या मुंबईला कळणार? माझ्यावर कसली नजर ठेवतोस? खुराड्यावर ठेव. मुंगूस दोन कोंबड्या घेऊन गेलं."

तिचं बरोबर होतं. ज्याच्या घरात लावायचा, त्याला विचारल्याशिवाय सेन्सर लावू नये. न्हाणीघराच्या दाराला तर नाहीच. आम्ही तो खुराड्याला लावला. अंधार पडल्यावर खुराडं उघडं असेल तर आईच्याच फोनवर घंटी वाजते. आणि सकाळी कोंबड्या सोडते तीच. तेव्हा सातपर्यंत खुराडं उघडलं नाही, तर निरोप मला येईल, हेही मी तिला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "हे चालेल."

निरोप आला तर काय करायचं, हे मात्र आधी ठरवावं लागतं. आधी आईला फोन, तिने उचलला नाही तर शेजारच्या काकूंना. त्यांच्याकडे घराची किल्ली आहे. पडलेल्या माणसाला डबी उचलत नाही.

आणखी एक सांगतो, कारण दुकानदार हे सांगत नाहीत. वीज गेली तरी सेन्सर आपल्या छोट्या बॅटरीवर चालू राहतो, पण घरातला इंटरनेटचा डबा बंद पडतो. मग दार उघडलं तरी बातमी पोचत नाही, आणि आपण उगाच घाबरतो. तो डबा इन्व्हर्टरवर घ्यावा. शिवाय 'दार उघडलं नाही' आणि 'घराशी संपर्कच नाही' हे दोन वेगळे निरोप यावेत, अशी व्यवस्था करून घ्यावी. चांगले सेन्सर ठरावीक वेळाने आपण जिवंत असल्याची खूण पाठवतात, त्यामुळे हे जमतं.

पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि खुराड्याचं दार पुरतं बसेना. चुंबक जेमतेम बोटभर लांब राहिला, तर रोज संध्याकाळी घंटी. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला : "कोंबड्या आत आहेत, दाराला कडी आहे. तुझ्या डबीला तेवढं समजावून सांग." रविवारी जाऊन चुंबकाखाली लाकडाची एक चीप ठोकली.